यादीतली नावं आणि बरडावरचे गोटे

वर्धा नदीच्या खोऱ्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणारी, घोडे पाळणारी आणि आपल्या मृतांभोवती दगडांची मोठाली वर्तुळे रचणारी माणसे राहत होती. ती स्वतःला काय म्हणवत, हे कुठेही लिहिलेले नाही. त्यांच्यानंतर काही शतकांनी आल्प्स पर्वतातल्या एका खोऱ्यात, आजच्या फ्रान्सच्या हद्दीत, उकेन्नी नावाची लहानशी गॉल टोळी होती. तिचे नाव दगडात कोरले गेले आणि त्या नावापलीकडे तिच्याबद्दल फारसे काही उरले नाही. या दोघांपैकी मागे खरे कोण उरले, यावरून पुलगावला माझे आणि माझ्या काकांचे चांगलेच वाजले.

वाद पुस्तकी नव्हता. काकांचा जमिनीचा एक तुकडा आर्वीच्या बाजूला बरडावर आहे. त्यात अशी दोन वर्तुळे आहेत. जेसीबी लावून गोटे काढायचे, मुरूम सारखा करायचा आणि पुढच्या हंगामात तिथे तूर घ्यायची, असे त्यांनी ठरवले होते. मी नागपूरला पुरातत्त्व शिकले. काकांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ठेवते आहे, त्याचा जोर तिथेच आहे.

काका : मले एक सांग. सातबाऱ्यावर नाव नाई त्याचं वावर नाई, हे साऱ्या दुनियेचं हाये. ज्यायचं नाव कोनालेच ठाऊक नाई, त्यायच्यासाठी मी माह्या वावरातली जागा पडीत ठेवू? तुह्या त्या फ्रान्सवाल्या टोळीचं तरी नाव हाये. हारले, मेले, पन होते, एवढं तं समजलं.

मी : त्यांचं नाव कसं समजलं ते आधी ऐका. मोनॅकोच्या वरच्या डोंगरावर ला तुर्बी नावाचं गाव आहे. तिथं इसवी सनापूर्वी 7-6 च्या सुमारास रोमनांनी सम्राट ऑगस्टसच्या गौरवासाठी एक प्रचंड स्मारक उभारलं आणि त्याच्यावर आल्प्समधल्या जिंकलेल्या टोळ्यांची नावं कोरली. 45 टोळ्या. उकेन्नी त्यांतली एक. म्हणजे ते नाव त्यांनी स्वतः लिहिलेलं नाही. हरवणाऱ्यानं लिहिलं, आपण किती जणांना हरवलं ते सांगायला.

काका : दुश्मनानं लिवलं का दोस्तानं लिवलं, लिवलं ना?

मी : त्याच यादीत सालासी आहेत. त्यांचं खोरं मोठं, सोन्याच्या खाणी आणि घाटाची वाट त्यांच्या हातात. इसवी सनापूर्वी 25 मध्ये रोमनांनी त्यांना मोडलं. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलं आहे की 36,000 माणसं आणि 8,000 लढवय्ये गुलाम म्हणून विकले. मग त्या खोऱ्यात रोमन शहर वसवलं, त्याला ऑगस्टसचं नाव दिलं. आज त्याला आओस्ता म्हणतात.

काका : आन त्या उकेन्नीच्या खोऱ्याले?

मी : त्या भागाला वाझाँ म्हणतात. ते नाव उकेन्नींवरूनच आलेलं.

काका : पाह्य. दोन हजार वर्ष झाले, तरी जमीन त्यायच्या नावानं हाये. माह्या बरडाले कोनाचं नाव हाये?

या ठिकाणी मला थोडे गप्प बसावे लागले. काकांचा मुद्दा मी आजही हलका समजत नाही. कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींची केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंद केली आहे, आणि त्या यादीत नाव असण्याने घरकुलापासून शिष्यवृत्तीपर्यंत काय फरक पडतो हे कोलामांच्या पोडावर जाऊन विचारावे. नाव असणे ही चैनीची गोष्ट नाही. पण नाव कोण लिहितो आणि कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

मी : आपल्याकडेही तशीच यादी आहे, काका. नाशिकच्या लेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कुठल्या कुठल्या मुलखाचा राजा होता, हे ती सांगते. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. त्यात आपण आहोत, एका शब्दापुरते. विदर्भात कोण राहत होतं, काय पिकवत होतं, याचा उल्लेख नाही.

काका : राजाच्या कागदात शेतकरी कवा होता?

मी : आणि नदी होती. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त शुंग राजा अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करून दोन चुलतभावांना देतो आणि मधली हद्द ठरवतो वरदा नदी. म्हणजे ही आपली वर्धा. पुढं 1803 च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला. नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पलीकडचा, पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. पुन्हा हीच नदी हद्द.

काका : आजही पुलाच्या पल्याड अमरावती जिल्हा, आल्याड वर्धा.

मी : तेच म्हणते मी. सत्तेच्या कागदांत ही नदी नेहमी रेघ म्हणून येते. तिच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांना ती रेघ नव्हती. पलीकडे कौंडिण्यपूरला, इकडे पवनारला, खाली खणत गेलं की तीच काळी-तांबडी भांडी निघतात. मोरेश्वर दीक्षितांनी कौंडिण्यपूर खणलं, 1967 मध्ये शां. भा. देव आणि ढवळीकरांनी पवनार खणलं. पार तिकडे नागपूरपर्यंत, कन्हान आणि पेंचच्या काठापर्यंत, ही भांडी आणि ही वर्तुळं सापडतात. त्या लोकांचा मुलूख आपल्याला कळतो तो त्यांच्या भांड्यांवरून आणि दगडांवरून. आपल्याच जिल्ह्यात खैरवाड्याला तर अशी शेकडो वर्तुळं आहेत.

काका : गोट्याईत हाये काय पन? हाडं असतीन दोन-चार. भांडे फुटके.

काकांनी हे विचारले तेव्हा आवाजात कुतूहल नव्हते, पण त्यांनी विचारले. मी कागद ओढून माहूरझरीची कुऱ्हाड काढून दाखवली. नागपूरच्या जवळ माहूरझरीला नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. देवांनी 1970 ते 1972 या काळात खणले. त्याआधी टाकळघाट-खापा, नंतर नैकुंड. या सगळ्या ठिकाणी लोखंडी वस्तू भरपूर निघाल्या, पण मला स्वतःला त्यांतली सर्वांत बोलकी वाटते ती ही कुऱ्हाड. पाते लांबट आणि सपाट. दांडा घालायला भोक नाही. दांडा पात्याला भिडवायचा आणि लोखंडाच्या पट्ट्यांची कडी फुली पडेल अशी फिरवून दोन्ही एकत्र आवळायचे. विदर्भातल्या या लोकांची ही खास खूण मानली जाते. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ पाहत राहिले.

काका : भोक काऊन नाई पाडलं?

मी : तुम्हीच सांगा.

काका : भोक पाडाचं तं तेथी लोखंड जाड पाहिजे. जाड लोखंड लाल करायले भट्टी तेवढी तापली पाहिजे. नाईतं भोकापाशीच फाटते. यायनं सोपं केलं. पात पातय ठेवली, वरून पट्टी मारली. पन दांडा वायला का सैल होते ना ते.

मी : मग?

काका : मंग पट्टी पुन्हा ठोकाची. आपन पाचर मारतो तशी. लाकूड कोनतं वापरलं?

मी : लाकूड उरत नाही, काका. पण भट्टी उरली. नैकुंडला, पेंच नदीच्या काठी, 1978 ते 1980 च्या खोदकामात लोखंड गाळायची भट्टी निघाली. मातीच्या विटांची, भात्याची हवा आत सोडायच्या मातीच्या नळीसकट. शेजारी धातूचा मळ पडलेला. म्हणजे लोखंड बाहेरून विकत आणत नव्हते, इथेच गाळत होते. त्यांच्या वस्तीतल्या मातीतून गहू, जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे मिळाले.

काका : म्हंजे शेतकरीच होते.

मी : शेतकरी, लोहार, गुराखी. आणि घोडेस्वार. माहूरझरीला माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला. घोड्याच्या तोंडावरचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने, लोखंडी लगाम. त्या घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, म्हणजे मालकामागे घोडा बळी दिलेला. आता मला सांगा, उकेन्नींनी आपल्या मेलेल्या माणसाला निरोप कसा दिला, हे त्या 45 नावांच्या यादीत कुठे आहे?

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या कोणत्याही पुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा मोलाचे होते.

काका : त्या मोठ्या गोलाच्या मधात कायी माती हाये. दोन वर्सापयले धुऱ्याकडून नाली काढली तं तिचा कोपरा त्यात गेला. बरडात सारा मुरूम, आन तेथी कायी, चिकट माती. मले तवापासून समजत नव्हतं का ते आली कुठून.

मी : खाप्याला आणि नागपूरजवळच्या जुनापाणीलाही तसंच आहे. वर्तुळ रचलंय मुरमाच्या उंचवट्यावर, आणि आत भरलीय काळी माती, गोट्यांसकट. ती खालून, काळ्या जमिनीतून वर आणलेली आहे.

काका : खालून? नदीकडून बरडावर? चढावर? किती खेपा लागल्या असतीन, मोजलं काय कोनी?

मी : तुमच्या वावरातली तर कोणीच मोजली नाही.

मला या ठिकाणी एवढेच म्हणायचे आहे. चांगली काळी जमीन त्यांनी पेरायला ठेवली, मृतांसाठी बरड निवडली, आणि तरीही मृताच्या अंगावर घालायला माती मात्र काळीच नेली. उकेन्नींच्या नावात असे एकही वाक्य वाचता येत नाही. ज्यांना आपण बिननावाचे म्हणतो त्यांनी आपल्याबद्दल खूप लिहून ठेवले आहे, फक्त ते दगड, माती आणि हाडे यांच्या मांडणीत आहे. दगड हलला की मजकूर गेला.

काकांचा बचाव मात्र संपलेला नव्हता.

काका : तू मले येडं नको बनवू. तो फ्रान्सवाला खांब तरी त्यायनं जपला का? खरं सांग.

मी : खरं सांगते. नाही जपला. मध्ययुगात त्याचा किल्ला केला. 1705 मध्ये चौदाव्या लुईच्या हुकमानं तो सुरुंग लावून उडवला. मग गावकऱ्यांनी दगड नेले, घरांना लावले, चर्चला लावले. आज जे उभं आहे ते विसाव्या शतकात पुन्हा रचलेलं आहे.

काका : (हसून) मंग? राजानं उडोला, गाववाल्यायनं गोटे नेले, आन मले म्हंतं का काका तुमी चुकून रायले!

मी : पण काका, लेख परत लावता आला. का? तुकडे तुकडे झालेल्या अक्षरांचं कोडं कसं सुटलं? कारण ते स्मारक धड होतं तेव्हा, पहिल्या शतकात, थोरल्या प्लिनी या रोमन लेखकानं तो सगळा लेख आपल्या ग्रंथात उतरवून घेतला होता. 45 च्या 45 नावं. दगड फुटले तरी नक्कल होती. नक्कल समोर ठेवून तुकडे जुळवले. प्लिनी नसता तर उकेन्नींच्या नावाचाही चुरा झाला असता. तुमच्या दोन वर्तुळांची नक्कल कोणाकडे आहे?

काका : कोनाकडंच नाई.

मी : जुनापाणीची आहे. सुमारे 300 वर्तुळं आहेत तिथं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही उकरली, काही दगडांवरचे वाटीसारखे खळगे नोंदवले आणि 1879 मध्ये ते छापलं. नंतर बी. के. थापरांनी शास्त्रशुद्ध खणलं. माहूरझरीची नक्कल देवांच्या अहवालात आहे. जे खणलं, मोजलं, छापलं ते वाचलं. तुमच्या वावरातलं जेसीबीच्या एका सकाळीत जाईल आणि ते होतं हेसुद्धा कोणाला कळणार नाही.

काका : आन मी सांगतलं सरकारले, तं बोर्ड लागते. मंग शंभर मीटरच्या आत विहीर नाई, कोठा नाई, त्याच्या पुढं दोनशे मीटर परवानगी. हे कोन सोसन? पुलगावच्या मानसाले कुंपन काय असते ते शिकवू नोको, दारूगोया भांडाराच्या बाजूले आयुष्य गेलं माह्यं.

शंभर आणि दोनशे मीटरचा हा नियम खरा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या, केंद्रसंरक्षित स्मारकांभोवती 2010 च्या दुरुस्तीपासून पहिल्या 100 मीटरांत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. जुनापाणीसारख्या ठिकाणी तो हवाच. पण विदर्भातल्या हजारो बरडांवर विखुरलेल्या एकेका वर्तुळाला तो लावणे शक्य नाही आणि कोणी लावायलाही निघालेले नाही. तरीही ही भीती गावोगाव आहे, आणि तिच्यामुळेच शेतकरी गप्प राहून रातोरात गोटे काढतो. मला यात शेतकऱ्याचा दोष दिसत नाही. नोंद करणे आणि बंधन घालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नाही. समजावण्याची जबाबदारी माझ्यासारख्यांची आहे आणि आम्ही ती पुरेशी पार पाडलेली नाही.

मी : किती जागा जाते तुमची? मोठं वर्तुळ धरा 15 मीटर व्यासाचं. म्हणजे पावणेदोन गुंठे. धाकटंही तेवढंच धरलं तरी दोन्ही मिळून साडेतीन.

काका : ट्रॅक्टर फिरवाले जागा लागते. पाच गुंठे धर.

मी : धरले पाच. चाळीस गुंठ्यांच्या एकरात पाच.

काका : पाच गुंठ्यात तुरीचे पैसे येतेत, माय. तुले सोपं वाटते.

मी : नाही वाटत. तो पैसा तुमच्या खिशातून जाऊ नये असंच माझं म्हणणं आहे. रस्त्याला जमीन गेली की मोबदला मिळतो, मग वारशासाठी पडीत ठेवलेल्या पाच गुंठ्यांचं भाडं का मिळू नये? ते मागायला मी तुमच्याबरोबर येते. पण मागायच्या आधी वर्तुळ जागेवर तरी हवं.

काका : एक गोष्ट सांग. ते आपले पूर्वज होते का?

मी : तसा दावा मी करत नाही. गोंडांचे, कोलामांचे, कुणब्यांचे, कोणाचेच म्हणून मला ते सांगता येत नाहीत. इथंच जगले, इथंच मेले, एवढं मात्र नक्की.

काका : म्हंजे कोनाचेच नाई.

मी : आणि म्हणून त्यांच्या बाजूनं भांडायला येणारा कोणी नातलग नाही. उकेन्नींचं निदान नाव एका मोठ्या प्रदेशानं धरून ठेवलं. यांच्या बाजूनं फक्त तुम्ही आहात, वावराचे मालक.

काकांनी माझे म्हणणे मान्य केले, असे मी लिहिणार नाही, कारण त्यांनी ते केले नाही. नाव नसलेल्याला हक्क नसतो हे त्यांचे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरडावर नेले. आम्ही फीत लावून मोठ्या वर्तुळाचा व्यास मोजला, गोटे मोजले, खळगे आहेत का ते प्रत्येक दगडावर हात फिरवून पाहिले. फीत त्यांनी धरली, आकडे मी लिहिले. नालीतल्या काळ्या मातीचा थर किती जाड आहे, हे मोजायचे त्यांनीच सुचवले. जेसीबीवाल्याला त्यांनी तुरीनंतर ये म्हणून सांगितले आहे. मोठे वर्तुळ ठेवायचे, धाकटे काढायचे, असा त्यांचा विचार दिसतो. धाकटेही राहावे म्हणून मी भांडते आहे. ते काढले तरी त्याची मापे आता कागदावर आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. ला तुर्बीच्या दगडावरून उकेन्नींना मिळालेले नाव ही जेत्याची मेहेरबानी होती. आपल्या खोऱ्यातल्या लोकांवर तशी मेहेरबानी कोणी केली नाही, पण त्यांनी स्वतःच्या हातांनी मागे ठेवलेले त्या नावापेक्षा कितीतरी अधिक आहे. ते टिकवायचे असेल तर प्लिनीने केले तेवढे काम प्रत्येक गावात कोणीतरी करायला हवे, आणि त्याला विद्वान असावे लागत नाही.

वर्धा, अमरावती, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांतल्या वाचकांना म्हणून विनंती आहे. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या बरडावर दगडांचे वर्तुळ असेल तर आत खणू नका, खोदकाम हे तज्ज्ञांचे काम आहे. फक्त व्यास मोजा, दगड मोजा, उत्तर दिशा लिहून चारी बाजूंनी फोटो काढा, मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि गट क्रमांकासह हा कागद नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाकडे पाठवा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक घरी ठेवा. मुरूम विकायचा की तूर पेरायची हे ठरवण्याआधी एवढे नक्की करा.